सरकारी हमीचे गृहकर्ज आणि जुन्या घराच्या दुरुस्त्या

अमेरिकेत सरकारी हमीच्या कर्जावर जुने घर घेताना त्या घराची पाहणी दोनदा होते, एकदा सावकाराच्या वतीने आणि एकदा घेणाऱ्याच्या वतीने. सावकाराकडून येतो तो अप्रेझर आणि घेणाऱ्याने नेमलेला तो होम इन्स्पेक्टर. दोघेही नळ सोडून बघतात, माळ्यावर टॉर्च मारतात, फोटो काढतात. मात्र अप्रेझरला शोधायचे असते ते एवढेच, की कर्ज थकले तर हे घर विकून पैसे वसूल होतील का आणि तोवर त्यात माणूस सुरक्षित राहू शकेल का. इन्स्पेक्टर बघतो ते या घरात आज काय मोडले आहे आणि उद्या काय मोडणार आहे. दोन पाहण्यांतून दुरुस्त्यांच्या दोन याद्या निघतात. पहिल्या यादीतले काम झाल्याशिवाय कर्जाचा पैसा सुटत नाही. दुसऱ्या यादीत जे मिळेल ते घासाघीस करूनच मिळते. या दोन याद्यांची गल्लत झाली, की हातचे घर जाते किंवा घर मिळते आणि पहिल्याच हिवाळ्यात खिसा रिकामा होतो.

हमी देणाऱ्या सरकारी यंत्रणा मुख्यतः तीन आहेत. फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, 1934 च्या कायद्याने महामंदीच्या काळात उभी राहिली आणि 1965 पासून ती गृहनिर्माण व नगरविकास खात्याचा, म्हणजे हडचा, भाग आहे. एफएचए स्वतः कर्ज देत नाही. कर्ज खासगी बँक किंवा मॉर्गेज कंपनी देते आणि ते बुडाले तर एफएचए भरपाई करते. माजी सैनिकांसाठीचे व्हीए कर्ज 1944 च्या जीआय बिलातून आले. त्यात बहुतेकदा डाउन पेमेंट लागतच नाही. तिसरे कर्ज शेती खात्याचे, म्हणजे यूएसडीएचे. ते ग्रामीण भागासाठी आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांसाठी असते आणि तेही डाउन पेमेंटशिवाय मिळते.

या कर्जांकडे वळणाऱ्याच्या हाताशी रोकड थोडी असते आणि दुरुस्तीचा प्रश्न त्यामुळेच अवघड होतो. एफएचएमध्ये क्रेडिट स्कोअर 580 किंवा त्याहून जास्त असेल तर किमान 3.5 टक्के डाउन पेमेंट भरावे लागते. 3,80,000 डॉलरच्या घराला ही रक्कम 13,300 डॉलर होते. उरलेल्या 3,66,700 डॉलरच्या कर्जावर 1.75 टक्के, म्हणजे साधारण 6,400 डॉलर, एकरकमी विमाहप्ता लागतो. तो सहसा कर्जातच मिळवतात. त्याशिवाय वार्षिक विमाहप्ता वेगळा. वकील, मालकी हक्क तपासणारी टायटल कंपनी, घराचा विमा, मालमत्ता कराची आगाऊ रक्कम हे सगळे भागवल्यावर नव्या छपरासाठी बँकेत दहा हजार डॉलर उरलेले कुटुंब विरळाच.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना या व्यवहारात दोन गोष्टी नव्या वाटतात. महाराष्ट्रात गृहकर्ज घेताना बँकेचा व्हॅल्युअर येऊन जातो, वकिलाचा सर्च रिपोर्ट होतो, पण घर आतून तपासणारा स्वतंत्र माणूस नेमायची सर्रास पद्धत नाही. त्यामुळे अप्रेझर येऊन गेला म्हणजे घर तपासून झाले, असा समज सहज होतो. दुसरी गोष्ट पात्रतेची. एच-1बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना पूर्वी एफएचए कर्ज मिळत असे. 25 मे 2025 पासून नोंदल्या जाणाऱ्या प्रकरणांत ही सोय बंद झाली. ग्रीन कार्ड असलेले कायम रहिवासी आणि नागरिक यांच्यासाठी दार उघडे आहे.

सावकाराची यादी

एफएचएसाठी घर कसे असावे, हे हडच्या 4000.1 क्रमांकाच्या हँडबुकात लिहिलेले आहे. त्याचा गाभा तीन शब्दांत सांगतात: घर सुरक्षित असावे, तारण म्हणून भक्कम असावे आणि बांधणीने धड असावे. व्हीएचे स्वतःचे किमान निकष आहेत, ते याच धाटणीचे. यूएसडीएच्या हमीकर्जात जुन्या घराला हडचेच निकष लावतात.

अप्रेझर खरेदीदाराने निवडायचा नसतो. एफएचएमध्ये तो त्यांच्या नोंदवहीतला असावा लागतो. व्हीएमध्ये तर खाते आपल्या यादीतून पाळीपाळीने माणूस नेमते. तो येतो तेव्हा वीज, पाणी आणि गॅस चालू असावे लागतात. घर बरेच दिवस रिकामे असेल आणि जोडण्या तोडलेल्या असतील, तर पाहणी तिथेच अडते आणि एक आठवडा फुकट जातो. तो नळ आणि शॉवर सोडतो, फ्लश ओढतो, थर्मोस्टॅट फिरवून फर्नेस पेटते का ते बघतो. माळ्याच्या झडपेतून निदान डोके आणि खांदे आत घालून त्याने छपराची खालची बाजू बघायची असते: लाकडावर ओलीचे काळे डाग आहेत का, कुठून उजेड दिसतो का. घर जोत्यावर उचललेले असेल तर खालच्या सरपटत जायच्या जागेतही हीच तऱ्हा.

छप्पर गळता कामा नये आणि त्याचे आयुष्य अजून किमान दोन वर्षे असावे. अप्रेझरला तसे सांगता येत नसेल तर तो छपराच्या जाणकाराकडून तपासणी मागतो. हीटिंगने राहत्या खोल्या किमान 50 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे 10 अंश सेल्सिअसपर्यंत, आपोआप तापल्या पाहिजेत. थंडीने पाइप फुटू शकतील अशा जागाही यात येतात. उघड्या पडलेल्या विजेच्या तारा, पायात तडे जाऊन कललेली भिंत, तळघरात साचणारे पाणी, दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हशिवाय बसवलेला वॉटर हीटर, आतून उघडता न येणारे गज लावलेली बेडरूमची खिडकी यांतले काहीही अहवालात आले की काम निघालेच. शहराबाहेरच्या घराला स्वतःची विहीर आणि सेप्टिक टँक असतात. तिथे टेप काढून अंतरे मोजतात: विहीर टाकीपासून निदान 50 फूट आणि सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या पट्ट्यापासून 100 फूट दूर हवी. स्थानिक आरोग्य खात्याला चालत असेल तर हे दुसरे अंतर 75 फुटांपर्यंत खाली येऊ शकते.

सर्वांत जास्त व्यवहार अडवणारी गोष्ट मात्र यांपैकी कुठलीच नाही. ती आहे रंगाचे पोपडे.

अमेरिकेत घरगुती रंगात शिसे घालायला 1978 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरावर शिशाचा रंग असणार असे गृहीत धरूनच एफएचए चालते. रंग घट्ट बसलेला असेल तर त्याला कोणी हात लावत नाही. पोपडा सुटला, भुकटी पडू लागली की मात्र ती लहान मुलाच्या हातातून तोंडात जाते, आणि शिसे मेंदूच्या वाढीवर कायमचा घाव घालते. म्हणून 1978 पूर्वीच्या घरात आत-बाहेर कुठेही, अगदी कुंपणावर किंवा वेगळ्या गॅरेजवरही, सुटलेला रंग दिसला तर तो काढून पुन्हा रंगवल्याशिवाय कर्ज पुढे सरकत नाही. हा नियम जाचक वाटतो, पण साऱ्या यादीत याच्याइतका न्याय्य नियम दुसरा नसेल.

जुन्या लाकडी खिडकीपाशी उभे राहिले की हे नीट कळते. वरखाली सरकणारी काच, तिच्या दोन्ही बाजूंना लाकडी खाचा. दर वेळी खिडकी उघडली-मिटली की रंगावर रंग घासतो. खाली पट्टीवर पांढुरकी धूळ साचते आणि बाहेरच्या बाजूला उन्हापावसाने रंग मगरीच्या कातडीसारखा चिरलेला असतो. ते काम रंगाऱ्याने कोरड्या पॉलिश कागदाने करायचे नसते. 2010 पासून लागू झालेल्या पर्यावरण खात्याच्या नियमानुसार, मोबदला घेऊन असे काम करणाऱ्याकडे शिशाच्या कामाचे प्रमाणपत्र लागते. जमिनीवर प्लास्टिक अंथरायचे, पृष्ठभाग ओला करून खरवडायचा, कचरा बांधून न्यायचा, बारीक धूळ धरणाऱ्या हेपा फिल्टरच्या यंत्राने शोषून घ्यायची, मग प्रायमर आणि रंग. विकणाऱ्याने रविवारी स्वतः शिडी लावून कोरडे घासले, तर रंग नवा दिसेल आणि धूळ खालच्या मातीत पसरलेली असेल. घेणाऱ्याने कोण काम करणार हे आधी लिहून घ्यावे ते याचसाठी. संघराज्याच्या कायद्याने अशा घरात शिशाची स्वतंत्र चाचणी करून घ्यायला दहा दिवसांची मुदतही मिळते. पुष्कळ जण घाईत त्या हक्कावर पाणी सोडतात. घरात रांगते मूल असेल तर तसे करू नये.

नियम पूर्वी याहून कडक होते. भेगाळलेली काच, ठिबकणारा नळ, झिजलेला ओटा, जिन्याला नसलेला कठडा अशा बारीकसारीक गोष्टींवरून व्यवहार अडत, आणि एफएचएचा ग्राहक म्हटले की विकणारे तोंड फिरवत. डिसेंबर 2005 मध्ये हडने पत्रक काढून अशी बरीच कामे सक्तीच्या यादीतून वगळली. राहणाऱ्याच्या सुरक्षिततेला किंवा घराच्या धडपणाला धोका नसेल तर नुसत्या वापराने आलेल्या झिजेसाठी दुरुस्ती मागू नये, असे धोरण तेव्हापासून आहे. तरी जुनी बदनामी अजून पुरती गेलेली नाही. अप्रेझरच्या विवेकालाही बराच वाव उरतो: तोच कठडा तीन पायऱ्यांच्या ओट्याला नसला तर एक जण सोडून देईल आणि तळघराच्या उभ्या जिन्याला नसला तर अहवालात लिहील.

वाळवीची गोष्ट वेगळी. व्हीए देशाच्या ज्या भागांत वाळवीचा धोका जास्त आहे तिथे लाकूड खाणाऱ्या किडींची तपासणी सक्तीची करते. तिचा खर्च सैनिकाने द्यायला पूर्वी बहुतेक ठिकाणी मनाई होती आणि त्यावरून विकणाऱ्याशी वाद होत. जून 2022 पासून सैनिकालाही तो देता येतो. एफएचएमध्ये वाळवीच्या खुणा दिसल्या, स्थानिक कायदा किंवा रीत तसे सांगत असली, किंवा सावकाराने मागितली तरच ही तपासणी होते.

घेणाऱ्याची यादी

अप्रेझर छपरावर चढत नाही, ब्रेकरच्या पेटीचे झाकण उघडत नाही, चिमणीत कॅमेरा सोडत नाही. म्हणून एफएचए कर्ज घेणाऱ्याला सुरुवातीलाच एक सरकारी कागद मिळतो आणि त्याचा मथळाच घराची तपासणी करून घ्या असे बजावतो. घर दोषरहित आहे अशी खात्री आपण देत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले असते. होम इन्स्पेक्शन कर्जासाठी सक्तीचे नाही, आणि काही शे डॉलर वाचवायला ते टाळणाऱ्याची बचत बहुधा पहिल्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही.

इन्स्पेक्टरचा परवाना राज्यागणिक बदलतो. न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये तो लागतो, कॅलिफोर्नियात असा राज्य परवानाच नाही. तिथे व्यावसायिक संघटनेचे सभासदत्व आणि आधीच्या अहवालाचा नमुना बघूनच माणूस निवडावा लागतो. तपासणीच्या वेळी घेणाऱ्याने स्वतः हजर राहिलेले बरे. चाळीस पानांच्या अहवालात सैल दरवाजाचे कुलूप आणि पायातली भेग एकाच टाइपात छापलेली असतात. त्यांतले गंभीर काय, हे इन्स्पेक्टरच्या तोंडून तिथल्या तिथे कळते.

या यादीत अशा गोष्टी येतात ज्या अप्रेझरच्या नजरेला पडतही नाहीत. जमिनीतून झिरपणारा रेडॉन हा वासरंग नसलेला किरणोत्सारी वायू त्यांतला एक. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते दुसरे मोठे कारण मानले जाते. हवेत लिटरला 4 पिकोक्युरी किंवा जास्त आढळला तर उपाय करावा, अशी पर्यावरण खात्याची शिफारस आहे. उपाय साधा असतो: तळघराच्या फरशीखालून पाइप काढून पंख्याने वायू छपरावर सोडायचा. ईशान्येच्या राज्यांत, त्यातही न्यू जर्सीत, आणखी एक शत्रू जमिनीखाली असतो. घर तेलावर तापवायचे दिवस होते तेव्हा पुरलेली लोखंडी टाकी. गॅस आल्यावर ती तिथेच विसरली गेली आणि आता आतून गंजत आहे. हिरवळीतून वर आलेला बोटभर पाइपाचा तुकडा हीच काय ती तिची खूण असते, कधी तीही नसते. अशा जागी धातुशोधक यंत्राने अंगण चाळून घेतात. टाकी गळली असेल तर माती उपसून शुद्ध करण्याचा खर्च घराच्या इतर सगळ्या दुरुस्त्यांना मागे टाकू शकतो, आणि मालकी बदलली की ती जबाबदारीही नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते.

तपासणीची मुदत करारातच ठरलेली असते, बहुधा सात ते दहा दिवसांची. टेक्सासमध्ये थोडी फी भरून ऑप्शन पिरियड विकत घेतात आणि त्या दिवसांत कुठल्याही कारणाने मागे फिरता येते. न्यू जर्सीत आधी वकिलांच्या तपासणीचे तीन कामाचे दिवस असतात, मग इन्स्पेक्शन. मुदत उलटली की दुसऱ्या यादीचा सगळा जोर संपतो, म्हणून करारावर सही होण्याआधीच इन्स्पेक्टरची तारीख धरून ठेवणारे शहाणे.

दोन याद्या वेगळ्या करणे

समजा, न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत 1958 साली बांधलेले घर 3,80,000 डॉलरला ठरले आहे आणि कर्ज एफएचएचे आहे. इन्स्पेक्टरच्या अहवालात सात गोष्टी ठळक आहेत: तीन खिडक्यांचा आणि गॅरेजच्या दाराचा रंग सुटला आहे, वॉटर हीटरला दाबाचा व्हॉल्व्ह नाही, छपराच्या उत्तरेकडच्या उतरणीवर शिंगल्स उचलल्या आहेत आणि माळ्यावर ओलीचा डाग आहे, रेडॉन 6 पिकोक्युरी आहे, अंगणात टाकी असल्याचा संशय आहे, एअर कंडिशनर अठरा वर्षांचा आहे, स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो.

रंग आणि व्हॉल्व्ह अप्रेझरच्या यादीत येणारच, त्यांवर घासाघीस करून मिळवलेली सवलत वाया जाते. छप्परही बहुधा येईल, पण डाग जुना ठरला आणि जाणकाराने दोन वर्षांचे आयुष्य सांगितले तर सुटेलही. रेडॉन आणि टाकी इन्स्पेक्शनच्या जोरावरच मागता येतात आणि मागावीतच. एअर कंडिशनर चालू आहे तोवर त्याच्या वयाबद्दल विकणारा काही देणे लागत नाही. नळ तर बोलण्यातही काढू नये. क्षुल्लक मागण्यांनी भरलेली यादी पाठवली की विकणारा चिडतो आणि टाकीसारख्या मोठ्या मागणीलाही नाही म्हणून मोकळा होतो.

क्रम म्हणून महत्त्वाचा आहे: आधी इन्स्पेक्शन, मग अप्रेझल. इन्स्पेक्शनमध्ये घर हाताबाहेर गेलेले दिसले तर अप्रेझलची फी वाचते. आणि अप्रेझर यायच्या आत विकणाऱ्याने रंग आणि व्हॉल्व्ह करून घेतले, तर ती कामे अहवालात येतच नाहीत आणि दुसऱ्या फेरीचा खर्च आणि वेळ वाचतो.

इन्स्पेक्टरचा अहवाल सावकाराला आपोआप जात नाही, तो घेणाऱ्याच्या मालकीचा असतो. पण करारात केलेली प्रत्येक दुरुस्ती-पुरवणी सावकाराकडे जाते. तिच्यात 'विकणारा छप्पर दुरुस्त करील' असे एक वाक्य असले, तर क्लोजिंगआधी, म्हणजे शेवटच्या सह्या होऊन घर ताब्यात येण्याआधी, सावकार त्या छपराचा पुरावा मागू शकतो, मग अप्रेझरने ते लिहिलेले असो वा नसो. म्हणून पुरवणीतले प्रत्येक काम नेमके, कोणी करायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत या तपशिलासह लिहावे. काम, परवाना असलेला कंत्राटदार, पावती, लागेल तिथे नगरपालिकेचे परमिट.

पैशाचा मार्ग

खासगी कर्जात रूढ असलेली एक तोड इथे अर्धीच चालते. विकणारा म्हणतो, मी काम करीत नाही, त्याऐवजी एवढे पैसे घ्या. दुरुस्तीसाठी रोख रक्कम घेणाऱ्याच्या हातात दिली, तर एफएचए ती घराच्या किमतीतून वजा धरते आणि कर्जही तेवढे आक्रसते. एफएचएला चालते ते क्लोजिंगच्या खर्चातले साहाय्य. विकणारा किमतीच्या 6 टक्क्यांपर्यंत, इथल्या उदाहरणात 22,800 डॉलरपर्यंत, घेणाऱ्याचा क्लोजिंग खर्च आणि आगाऊ भरणे उचलू शकतो. यूएसडीएतही मर्यादा 6 टक्के आहे. व्हीएमध्ये नेहमीच्या क्लोजिंग खर्चापलीकडच्या सवलतींना 4 टक्क्यांची मर्यादा आहे. अशा रीतीने घेणाऱ्याची जी रोकड वाचते तिच्यातून रेडॉनचा पंखा किंवा पुढे नवा एअर कंडिशनर होऊ शकतो.

पहिल्या यादीला मात्र पैशाने बगल देता येत नाही. सुटलेल्या रंगाबद्दल पाच हजारांचे साहाय्य मिळाले तरी रंग सुटलेलाच राहतो आणि कर्ज अडलेलेच. 'आहे त्या स्थितीत विक्री' असे करारात लिहिलेले असले तरी तेच. ते कलम विकणारा आणि घेणारा यांना बांधते, सावकाराला नाही.

काम कोणी करायचे, यावर एफएचएचा आग्रह नाही. बहुधा विकणारा करतो. तो अडून बसला तर घेणाऱ्याला क्लोजिंगआधी स्वखर्चाने करता येते, पण ते परक्याच्या घरात घातलेले पैसे असतात. कर्ज शेवटच्या आठवड्यात नाकारले गेले तर नवा रंग विकणाऱ्याच्या घराला राहतो. शे-दोनशे डॉलरच्या व्हॉल्व्हसाठी हे धाडस ठीक, छपरासाठी मुळीच नाही. आणि करायचेच तर लेखी परवानगी घेऊन.

विकणाऱ्याला पटवायचा सर्वांत परिणामकारक मुद्दा एफएचएच्या नोंदणीतच दडलेला आहे. अप्रेझलचा केस नंबर त्या घराला चिकटतो. पाहणीच्या तारखेपासून 180 दिवस तो अहवाल ग्राह्य असतो, आणि पहिला ग्राहक गेला तरी त्या काळात येणाऱ्या दुसऱ्या एफएचए ग्राहकासमोर तोच अहवाल, त्याच दुरुस्त्यांसह, येऊ शकतो. व्हीएतही मूल्य आणि दुरुस्त्या सांगणारी नोटीस सहा महिने चालते. शिवाय अनेक राज्यांत माहीत झालेला दोष पुढच्या ग्राहकाला सांगणे विकणाऱ्याला बंधनकारक आहे. हे शांतपणे समजावून सांगितले की पुष्कळ जण रंगाऱ्याला बोलावतात. व्हीएमध्ये घर राहण्यायोग्य आणि सुरक्षित असेल, तर एखादी दुरुस्ती माफ करावी असा लेखी अर्ज सैनिक आणि सावकार मिळून करू शकतात. निर्णय खात्याचा.

इसाराच्या पैशाला एक कवच असते. एफएचए आणि व्हीएच्या करारांत असे कलम असावेच लागते, की अप्रेझलचे मूल्य ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आले तर घेणाऱ्याला इसार न गमावता मागे फिरता येते. पण ते मूल्याबद्दल आहे, दुरुस्तीबद्दल नाही. विकणाऱ्याने दुरुस्ती नाकारली आणि तपासणीची मुदतही उलटून गेली, तर इसार वाचवायला कर्जमंजुरीची अट करारात असायला हवी. ती कुठल्या तारखेपर्यंत लागू आहे हे कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावे.

घर इतके मोडकळीला आलेले असेल की विकणाऱ्याकडून काम होणे शक्यच नाही, तर एफएचएचे 203(के) कर्ज हा वेगळा रस्ता आहे. त्यात खरेदी आणि दुरुस्ती एकाच कर्जात बसतात आणि काम क्लोजिंगनंतर होते. बांधणीला हात न लावणाऱ्या कामांसाठी मर्यादित प्रकार आहे. त्याची कमाल 35,000 डॉलरवरून नोव्हेंबर 2024 मध्ये 75,000 डॉलर झाली आणि काम नऊ महिन्यांत पुरे करायचे असते. पाया, भिंती, खोली वाढवणे अशा कामांना मोठा प्रकार लागतो. त्यात हडने मान्य केलेला सल्लागार कामाचा तपशील ठरवतो, किमान काम 5,000 डॉलरचे असावे लागते आणि मुदत बारा महिन्यांची असते. पैसे टप्प्याटप्प्याने सुटतात. कागदपत्रे पुष्कळ, आणि असे कर्ज नियमित करणारे सावकार मोजकेच. नळ आणि रंगासाठी या वाटेला जाण्यात अर्थ नाही, पण गळके छप्पर आणि मेलेली फर्नेस असलेल्या, म्हणूनच स्वस्त मिळणाऱ्या घरासाठी याच्यासारखे साधन नाही.

काम झाल्यावर

अप्रेझरने 'दुरुस्ती झाल्यास' या अटीवर मूल्य दिलेले असेल, तर काम संपल्यावर तो पुन्हा येतो, फोटो काढतो आणि अट पुरी झाल्याचा दाखला देतो. छप्पर, पाया, वीज अशा कामांत सावकार परवानाधारक जाणकाराचा दाखलाही मागतो. या फेरीची फी वेगळी लागते, आणि ती बहुधा घेणाराच देतो. अर्धवट काम बघायला बोलावले तर फीसुद्धा दोनदा. व्याजाचा दर ठरावीक दिवसांसाठी बांधलेला असतो. रंगाऱ्याच्या दिरंगाईने ती मुदत संपली तर वाढवायचे पैसे मोजावे लागतात. त्यामुळे कामाची शेवटची तारीख क्लोजिंगच्या निदान दहा दिवस आधीची ठेवणे हिताचे.

जानेवारीत बर्फ साचलेले असताना बाहेरचा रंग धरत नाही, काँक्रीट ओतता येत नाही. अशा वेळी घर राहण्यायोग्य असेल तर सावकाराच्या संमतीने क्लोजिंग उरकून कामाचे पैसे अलग खात्यात अडकवून ठेवतात. व्हीएमध्ये ही रक्कम अंदाजाच्या किमान दीडपट असते: 2,000 डॉलरचे काम असेल तर 3,000. वसंतात काम झाले, अप्रेझरने बघितले, की कंत्राटदाराचे पैसे सुटतात आणि उरलेले ज्याने भरले त्याला परत जातात. सगळेच सावकार ही सोय देत नाहीत, तेव्हा हिवाळ्यात घर बघायला लागतानाच हा प्रश्न विचारून घ्यावा.

क्लोजिंगच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी घेणारा घरातून शेवटची फेरी मारतो. अप्रेझरने पहिली यादी तपासलेली असते. दुसरी यादी बघणारा घेणाऱ्याशिवाय कोणी नसतो. हातात पुरवणी घेऊन एकेक ओळ ताडून बघायची: रेडॉनचा पंखा चालू आहे आणि नंतरच्या चाचणीचा आकडा 4 च्या खाली आला आहे, टाकी काढल्याचे परमिट आणि मातीचा अहवाल मिळाला आहे, खिडक्यांखालच्या मातीत रंगाचे कपटे नाहीत. छपराची हमी नव्या मालकाच्या नावावर होते का, शिशाच्या कामाचे प्रमाणपत्र कोणाकडे आहे, हेही याच वेळी विचारायचे. काही राहून गेले असेल तर सहीआधी वकिलाला किंवा एजंटला फोन करून त्या कामापुरते विकणाऱ्याचे पैसे टायटल कंपनीकडे रोखून धरता येतात, मात्र सावकाराची त्याला मान्यता हवी. सही झाली आणि किल्ली हातात आली, की करारात वेगळे लिहिलेले नसेल तर उरलेली दोन्ही याद्यांतली कामे नव्या मालकाची होतात.